वर्ल हॅस्केटची लांब गोळी

सुज्ञ वाचकहो, वायोमिंग राज्यातील ग्रॅनिट फोर्क या गावचा रहिवासी वर्ल हॅस्केट याने तेवीस वर्षे ज्या एका संधीची वाट पाहिली, ती संधी त्याने कोणत्या गोळीने आणि कोणत्या कारणाने घालवली, याचे यथातथ्य निवेदन प्रस्तुत कथेत करण्याचे योजिले आहे. गोळी हवेतून कशी जाते हा विषय शास्त्राचा असल्यामुळे तो लागेल तेवढाच घेतला आहे. माणूस स्वतःच्याच तोंडाच्या जोरावर कसा फसतो, हा विषय मात्र पुरता घेतला आहे.

ग्रॅनिट फोर्कमध्ये कॉफी तीन ठिकाणी मिळते. परंतु ज्याला कॉफीबरोबर आपले मतही चारचौघांना पाजायचे असते, तो ऑरिन टफ्ट्सच्या बंदुकीच्या दुकानात जातो. वर्ल तेथे रोज सकाळी जात असे. त्याने एकतीस वर्षे जिल्ह्याच्या मातीच्या रस्त्यांवर सपाटीचे यंत्र चालवले होते, आणि निवृत्तीनंतर ते यंत्र सरकारजमा झाले तरी समोर जे उंच दिसेल ते खरवडून खाली आणण्याची सवय त्याच्याकडेच राहिली होती.

खरवडण्यासाठी ऑरिन ही आयती जागा होती. ऑरिनचे वय चाळीस, पोट साठीचे. त्याच्या गल्ल्यामागे निरनिराळ्या गोळ्यांची चित्रे टांगलेली असत आणि प्रत्येकीखाली एक आकडा असे. गोळी हवेला किती चुकवते, हे तो आकडा सांगतो. ऑरिन तो आकडा एखाद्याच्या पोराचे परीक्षेतील गुण सांगावेत तशा कौतुकाने सांगे. त्याचे बूट मात्र इतके स्वच्छ असत, की त्यांनी डोंगर केव्हा पाहिला होता याचा पत्ता त्यांवरून लागत नसे.

"ही बघ," एका सकाळी ऑरिन गिऱ्हाइकाला सांगत होता, "नाक सुईसारखं, शेपटी निमुळती. हवा हिच्या अंगावरून निसटून जाते. चारशे गजांवर वारा हिला फार तर वीतभर ढकलेल. जुनी बोथट गोळी दोन फूट ढकलली जाते."

"मेंढ्याला कळवलंस का हे?" कोपऱ्यातून वर्लने विचारले.

"कुणाला?"

"डोंगरातल्या मेंढ्याला. वीतभर का दोन फूट, हे त्याला आधी कळलं तर बिचारा नीट जागेवर तरी उभा राहील."

डाकघरातला ल्यूथर कॉफी नाकात जाईपर्यंत हसला. ऑरिनने डबी मिटली.

"वर्ल, हवा आहे ती आहे. तुला पटो न पटो, ती गोळीला अडवतेच."

"माझ्या बापाने चाळीस हिवाळे त्याच बोथट गोळीवर घर चालवलं. त्याच्याकडे एक युक्ती होती. तो जवळ जायचा. तुझ्या दुकानात ती मिळत नाही म्हणून तू लोकांना आकडे विकतोस."

"तुझ्या बापाचे गुडघे शाबूत होते," ऑरिन म्हणाला.

हे वाक्य ऑरिनने सहज टाकले असले, तरी ते जिथे लागायचे तिथे बरोबर लागले. त्या हंगामात ऑरिनच्या दुकानातून सुटलेला अचूक असा हा एकच नेम.

कारण असे, की त्याच वर्षी मे महिन्यात वर्लच्या घरी सरकारी पत्र आले होते. विंड रिव्हरच्या डोंगरांत मोठ्या वळणदार शिंगांचे मेंढे राहतात. त्यांच्या शिकारीचा परवाना सोडतीने मिळतो. माणूस दर वर्षी अर्ज करतो, दर वर्षी त्याच्या नावावर एक गुण वाढतो, आणि नशीब बरे असेल तर म्हातारपणापूर्वी चिठ्ठी निघते. वर्लची चिठ्ठी तेविसाव्या अर्जाला, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी निघाली. एकदा मिळाली की पुन्हा अर्ज करता येत नाही. एक चिठ्ठी, एक मेंढा, एक हंगाम. आणि जुलैत डॉक्टरांनी त्याच्या उजव्या गुडघ्याचे छायाचित्र उजेडासमोर धरून सांगितले होते, की यात आता हाडावर हाड घासते आहे.

जुलैच्या शेवटी तो आपली थोरली बहीण मॅव्हिस हिच्याबरोबर मेंढे कोठे आहेत ते पाहून आला. मॅव्हिस अडुसष्ट वर्षांची. खेचरांवर सामान लादून लोकांना डोंगरात नेण्याचा धंदा तिने नवऱ्याच्या मागे एकटीने चालवला होता. खेचरांशी ती मृदू बोलत असे. माणसांना तो लाभ मिळत नसे. दोघांनी दुर्बिणीतून सात मेंढे पाहिले. ते ज्या कड्यावर बसले होते तेथे शेवटची चढण उभ्या दगडांची होती. समोरच्या धारेवरून मात्र तो कडा उघडा दिसत होता. मध्ये दरी, अंतर चारशे गजांना थोडे कमी.

"तू वर चढणार?" मॅव्हिसने विचारले.

"बघू."

"गुडघ्याला विचार. तो माझ्यापेक्षा खरं सांगेल."

त्या दिवसापासून वर्लच्या मनात हिशेब सुरू झाला, आणि त्याला संताप याचा आला, की हिशेब ऑरिनच्या बाजूने सुटत होता. बापाची बोथट गोळी चारशे गजांवर अडीच फूट खाली येते. दरीतून वारा चढत असेल तर तेवढीच बाजूला जाते. मेंढ्याची छाती दीड फूट. याचा अर्थ जवळ गेल्यावाचून गत्यंतर नाही, आणि जवळ गुडघा जाऊ देणार नाही. लांब, निमुळती, जड गोळी हे खाली येणे आणि बाजूला जाणे निम्म्यावर आणते. इतकी वर्षे ज्या गोष्टीची त्याने टर उडवली, ती गोष्ट खरी होती.

येथे कोणीही शहाणा मनुष्य ऑरिनच्या दुकानात गेला असता. ते दुकान त्याच्या दारापासून दोनशे पावलांवर होते. परंतु वर्लला गल्ल्यावर ती डबी मागताना स्वतःचा आवाज आधीच ऐकू येऊ लागला, आणि त्यामागे ल्यूथरचे हसू. सबब तो दाताचे निमित्त सांगून दीडशे मैलांवरील कॅस्पर शहरी गेला आणि एका अनोळखी दुकानातून गोळ्यांची डबी घेऊन आला.

"कुठला दात?" परतल्यावर मॅव्हिसने विचारले.

"मागचा."

"मागचा तर तू बर्फावर पडलास तेव्हाच गेला."

"त्याच्या मागचा."

मॅव्हिसने पुढे विचारले नाही. तिचे न विचारणे हे विचारण्याहून वाईट असते, हे तिची खेचरेसुद्धा जाणतात.

त्या भागातील बहुतेक शिकारी काडतुसे घरीच भरतात. वर्लही आपल्या छपरीत बसून रिकाम्या पितळी नळकांड्यांत दारू तोलून भरी आणि वर गोळी बसवी. या कामात त्याचा हात कसबी होता. नवी गोळी त्याने उजेडात धरली. ती इतकी लांब होती, की जुनी तिच्याशेजारी तिच्या धाकट्या, मंद भावंडासारखी दिसे. टोकावर पिवळ्या प्लॅस्टिकची सुई होती. डबीच्या तळाशी बारीक अक्षरांत छापले होते, की ही गोळी आठ इंचांत एक फेरा देणाऱ्या नळीसाठीच आहे.

आता हा फेरा म्हणजे काय, ते थोडक्यात सांगणे अवश्य आहे. रायफलीच्या नळीला आतून आटे असतात. गोळी त्यांतून गरगरत निघते, आणि त्या गरगरण्यामुळेच तिचे नाक पुढे राहते. भोवरा फिरतो तोवर उभा राहतो, तसे. गोळी जितकी लांब, तितके तिला अधिक वेगाने फिरवावे लागते. आखूड गोळीसाठी केलेल्या जुन्या नळीचे आटे सैल असतात. त्यांतून लांब गोळी सोडली, तर तिला पुरेशी गिरकी मिळत नाही. हवा तिच्या नाकाखाली हात घालते आणि तिला आडवी करते. मग त्या सुईसारख्या नाकाचा उपयोग कॉफी ढवळण्याइतकाही राहत नाही. आणि नळीचा फेरा मोजणे हे दोन मिनिटांचे काम आहे. नळी पुसायच्या लोखंडी गजाला घट्ट चिंधी लावावी, खूण करावी, आत ढकलावा, आणि पूर्ण फेरा किती इंचांत होतो ते पाहावे. हे काम ऑरिन गिऱ्हाइकाला फुकट करून देत असे.

वर्लने ती बारीक अक्षरे वाचली. नीट वाचली. आणि वकिलांनी छापायला लावलेल्या मजकुरांत त्यांची गणना करून डबी फळीवर ठेवली. तो वापरीत असलेली बापाची रायफल साठ वर्षे चुकली नव्हती; तिला आता डबीने विचारणा करावी हे त्याला सहन झाले नाही. ज्या मनुष्याने बापाची गोळी टाकून दिली होती, तोच मनुष्य बापाच्या नळीचा असा अभिमान धरीत होता.

गावाबाहेर नेमबाजीचे मैदान आहे. तेथे दोनशे गजांवर निशाणे आहेत आणि शेजारच्या बाकांवर सर्व गाव आहे. पिवळ्या टोकाची गोळी वर्ल हॅस्केटच्या हातात दिसती, तर ती गोष्ट नाताळापर्यंत पुरली असती. म्हणून तो जिल्ह्याच्या जुन्या खडीच्या खाणीत गेला आणि पंचवीस पावलांवर पुठ्ठा उभा करून तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही छिद्रे अंगठ्याखाली झाकली जातील इतकी जवळ पडली. मात्र छिद्रे गोल नव्हती. भोपळ्याच्या बीसारखी लांबट होती. वर्ल त्यांच्याकडे बराच वेळ पाहत राहिला. शेवटी पुठ्ठा तिरका लागला असावा असे त्याने ठरवले, आणि पुठ्ठा घरी नेऊन शेगडीत घातला. पुठ्ठा तिरका होता अशी ज्याची खात्री असते, तो मनुष्य पुठ्ठा जाळीत नाही.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात दोघे बहीणभाऊ तीन खेचरे घेऊन वर गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मेंढे त्याच कड्यावर होते. चार माद्या, दोन तरुण नर, आणि एक म्हातारा, ज्याची शिंगे पूर्ण वेटोळे घेऊन डोळ्यांपाशी परत आली होती. वर्ल समोरच्या धारेवर पालथा पडला. रायफल गुंडाळलेल्या कोटावर टेकवली. अंतर मोजले, तीनशे ऐंशी गज. वारा हलका. तेवीस वर्षांत त्याने मनात जितक्या वेळा हा नेम धरला होता, त्यांतील कोणत्याही नेमापेक्षा हा सोपा होता.

त्याने श्वास सोडला आणि चाप ओढला.

दुर्बीण डोळ्याला लावून मॅव्हिस म्हणाली, "उजवीकडे. तीन फूट. खडकावर."

"वारा असेल."

"वारा माझ्या टोपीतलं पीसही हलवत नाहीये."

मेंढे उठले होते, परंतु आवाज कोठून आला हे त्यांना समजले नव्हते. वर्लने दुसरी गोळी झाडली. म्हातारा नर पुढच्या पायांवर झुकला, सावरला, आणि कळपाबरोबर कड्यापलीकडे गेला.

"लागली," वर्ल म्हणाला.

"काहीतरी लागलं," मॅव्हिस म्हणाली. "चल."

दरी उतरून तो कडा चढायला त्यांना तीन तास लागले. जो चढ टाळण्यासाठी हा सगळा उद्योग केला, तो चढ वर्ल अखेर हातापायांवर चढला, आणि मॅव्हिस वर उभी राहून त्याची वाट पाहत होती. तिच्या पायांशी मूठभर करडे केस होते, आणि खडकावर सात-आठ थेंब रक्त. बाजूच्या दगडावरील शेवाळात एक खाच पडली होती. खाच गोळीच्या जाडीची नव्हती. गोळीच्या लांबीची होती.

मॅव्हिसने खाचेवर बोट ठेवले. "ही आडवी आली."

वर्लने वाकून खाच पाहिली.

"बंदूक दे. आणि गज."

तिने रायफल रिकामी केली, गजाला चिंधी लावली, त्यावर नखाने खूण केली आणि गज नळीत ढकलला. खूण फिरत फिरत पुन्हा वर आली तेव्हा तिने खिशातील मापाची फीत लावली.

"दहा," ती म्हणाली. "डबीवर काय लिहिलं होतं?"

"आठ."

"वाचलं होतंस?"

"हो."

"मग दात खरंच दुखत असेल तुझा. डोक्यापर्यंत कळ गेलेली दिसते."

दोघांनी संध्याकाळपर्यंत माग काढला. रक्त दोनशे पावलांत थांबले. पुढे मोकळ्या दगडांवर खुरांचेही ठसे नव्हते. मावळतीच्या आधी मॅव्हिसने दूरच्या उतारावर कळप पाहिला. म्हातारा त्यात होता. चालत होता, चरत होता, मात्र पुढचा डावा पाय जपून टाकीत होता. गोळी छातीखालून कातडे फाडून गेली असावी. तो जगेल की हिवाळ्यात मरेल हे सांगता येत नव्हते. अंधार होण्यापूर्वी तेथे पोचणे अशक्य होते, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तो उतार रिकामा होता.

येथे त्या मुलखाची एक रीत सांगितली पाहिजे. कायद्यात ती नाही. कायद्याप्रमाणे जनावर हाती लागले तरच शिकाऱ्याने परवान्याच्या चिठ्ठीवरील महिना आणि तारीख चाकूने कापायची, म्हणजे परवाना संपला. परंतु ग्रॅनिट फोर्कमध्ये असे मानतात, की आपल्या गोळीने ज्याचे रक्त जमिनीवर पडले, ते जनावर आपले झाले. ते सापडेपर्यंत त्यालाच शोधायचे. दुसऱ्यावर बंदूक उचलायची नाही. आणि न सापडले तरी चिठ्ठी कापायची. ही रीत पाळणारे आपण पाळतो असे मोठ्याने सांगतात. न पाळणारे त्याहून मोठ्याने सांगतात.

दोन दिवस त्यांनी त्या एकाच मेंढ्याचा शोध घेतला. तिसऱ्या सकाळी मॅव्हिस खेचरांना पाणी पाजीत होती आणि वर्ल एका खडकाला टेकून गुडघा चोळीत होता. तेवढ्यात वळणावरून एक नर एकटाच बाहेर आला. हा निराळा होता. रंग गडद, छाती धड, पाय चारही मजबूत. शिंगे पहिल्यापेक्षा जाड. तो शंभर पावलांवर उभा राहून वर्लकडे पाहू लागला.

मॅव्हिसने आवाज न करता खोगिराच्या पिशवीतून एक छोटी डबी काढून वर्लच्या मांडीवर ठेवली. आत बापाच्या पद्धतीची बोथट गोळ्यांची काडतुसे होती, वर्लने स्वतः मागच्या वर्षी भरलेली.

"तुझ्या छपरीतून उचलली," ती हळूच म्हणाली. "तू दातवाल्याकडे गेला होतास तेव्हा."

"तुला माहीत होतं?"

"मला एवढंच माहीत होतं, की तू खोटं बोलतोयस. इतक्या जवळून ही चुकणार नाही."

वर्लने एक काडतूस नळीत सरकवले. रायफल खांद्याला लावली. रायफलीवरच्या दुर्बिणीत मेंढ्याचा खांदा इतका मोठा दिसत होता, की केस मोजता आले असते. गुडघा लागत नव्हता, वारा लागत नव्हता, आकडे लागत नव्हते. चिठ्ठी खिशात कोरी होती. पाहणारी एकटी बहीण होती, आणि तिनेच काडतूस हातात दिले होते. ती डोंगराखाली काही बोलली नसती. चौसष्ट वर्षांत वर्लने पुष्कळ लोकांना ती रीत सुनावली होती, आणि प्रत्येक वेळी ती दुसऱ्याच्याच चिठ्ठीची गोष्ट होती.

मेंढ्याने मान खाली घातली आणि गवताला तोंड लावले.

वर्लने दुर्बिणीत पुन्हा एकदा त्याचा डावा पाय पाहिला, जणू तो लंगडा निघेल तर बरे. तो लंगडा नव्हता.

त्याने रायफल खाली घेतली, काडतूस बाहेर काढून डबीत ठेवले, आणि कोटाच्या खिशातून चिठ्ठी काढली. चाकू उघडला. त्याने महिना कापला आणि परवाची तारीख कापली. कागदाचे दोन बारीक तुकडे वाऱ्याने उचलले आणि मेंढा चरत होता त्या बाजूला नेले. मेंढ्याने डोके वर करून पाहिले व तो सावकाश वळणाआड गेला.

"मी मारला असता," मॅव्हिस म्हणाली.

"खोटं बोलतेस."

"हो," ती म्हणाली, आणि खेचराचा पट्टा आवळू लागली.

गावी परतल्यावर चौथ्या दिवशी वर्ल ऑरिनच्या दुकानात गेला. ल्यूथर होता, आणखी तिघे होते. कॉफी त्याने घेतली नाही. पिवळ्या टोकांची अर्धी डबी आणि कापलेली चिठ्ठी त्याने गल्ल्यावर ठेवली.

ऑरिनने आधी डबी पाहिली, मग चिठ्ठी. "शिंगं कुठायत?"

"मेंढ्याच्या डोक्यावर. नळीचा फेरा दहाचा आहे. गोळी आडवी गेली. रक्त पडलं, मेंढा मिळाला नाही."

दुकानात कोणी हसले नाही. ऑरिनला इतक्या वर्षांत असा दिवस लाभला नव्हता, आणि तो वाया घालवण्याइतका तो थोर नव्हता.

"माझ्याकडे आला असतास तर दोन मिनिटांचं काम होतं," तो म्हणाला. "फुकट मोजून दिलं असतं. आणि दहाच्या फेऱ्याला चालेल अशी थोडी आखूड गोळी दिली असती. ती पण हवा कापते. तुझ्या मागे त्या फळीवर आहे. दोन वर्षं झाली."

वर्लने मागे वळून पाहिले. डबी होती.

"तेवीस वर्षं थांबलास," ऑरिन म्हणाला, "आणि दोनशे पावलं चालवेनात तुला."

"तू ते सगळ्यांदेखत मोजलं असतंस."

"मग कुठे मोजणार? न्हाणीघरात?"

ल्यूथरला आता राहवले नाही. वर्ल ते हसू संपेपर्यंत तेथेच उभा राहिला. पूर्वी त्याने दुसऱ्यांना जितका वेळ उभे केले असेल, त्यापेक्षा हा वेळ फार नव्हता. नंतर त्याने खांद्यावरची रायफल उतरवून, रिकामी आहे ना ते पाहून, गल्ल्यावर आडवी ठेवली.

"मोज," तो म्हणाला.

"दहा आहे म्हणालास ना?"

"मॅव्हिसने मोजलं. तू मोज. मी बघतो कसं मोजतात ते."

ऑरिनने गज आणला.

येथे ही कथा समाप्त होते. गोळीचे नाक कितीही निमुळते असले, तरी ती कोणत्या नळीतून जायची आहे हे आधी पाहावे, इतके जरी कोणी यातून घेतले, तरी लेखकाचे श्रम सार्थकी लागले. शुद्धलेखनाच्या व भाषेच्या चुका उदार मनाने पोटात घालाव्यात. आपण येथवर वाचलेत, याबद्दल अंतःकरणपूर्वक आभार.

आपला नम्र,
दत्ताराम विठोबा सावर्डेकर